किंकाळीचे पैसे वेगळे

धकातेभाऊंच्या नवही सिनेमांत
मरणाऱ्या बायका वेगवेगळ्या आहेत.
किंकाळी एकच. माझी.

इतवारीत मी ब्लाउज शिवायची तेव्हा,
अस्तरासहित अठरा रुपये.
ते आले राक्षसाचं माप घेऊन :
छाती बावन्न, हात गुडघ्याखाली,
"अन् मागून चेन पायजे, बाई,
आतमंदी माणूस राह्यते, त्याले बाहेर निंघा लागते."
लिहिता लिहिता सुई बोटात गेली, मी ओरडले.
ते माप विसरले.
"पुन्हा," म्हणाले. "तसंच. पन सुई नसताना."

दहा रुपये किंकाळीचे.
नुसत्या हुंदक्याचे चार.

यान म्हणजे दोन कूलर, उलटे जोडलेले.
पंप आतच राहिला होता, पाणी टपकायचं.
गळतं कसं, विचारलं
तर म्हणे, लांबून आलं आहे.
कोराडीच्या चिमण्या त्यांनी दुरून धरल्या
आणि सांगितलं, हे त्यांचं शहर.
त्या शहराला भाडं पडलं नाही.
राक्षसाचे केस मागच्या उन्हाळ्यातल्या वाळ्याचे,
ओले करून.
इतका वासाचा राक्षस कुठे झाला नसेल.
आत इस्माईल रिक्षावाला. गारव्यानं त्याला झोप लागायची,
मग झोपलेल्या राक्षसाचा सीन
तिथल्या तिथे लिहिला जायचा.

तुमसरच्या मंडईत, तंबूत, लोक हसले.
भाऊ गल्ल्यापाशी चिल्लर मोजत होते.
"भेलेला माणूस पह्यले हासतेच," म्हणाले,
आणि पुन्हा एकपासून मोजायला लागले.

माझं काम पाचपावलीत, त्यांच्या घरी, मागाच्या खोलीत.
माग विकून कॅमेरा आणला होता,
मागाचा खड्डा कोण विकत घेणार.
बाप ज्यात पाय सोडून पातळं विणायचा
त्या खड्ड्यात मी उभी, वरून तीन गाद्या,
मे महिना, कूलर बंद.
कूलरचा आवाज अंतराळात ऐकू येतो म्हणे.

पहिल्या दिवशी शेजारचे पराते काठी घेऊन धावत आले.
दुसऱ्या सिनेमाला नुसते दारात आले.
नंतर गल्लीतली पोरंच सांगायची,
आज भूत आहे, आज मंगळवाला.

नववा सिनेमा. दुपारचे दोन.
कानाला यंत्र लावून त्यांनी हात वर केला,
मला वाटलं, कर म्हणतायत.
तोंड एका बाजूला गेलं होतं.
मग ते माझ्या अंगावर, खड्ड्यातच.

मी ओरडले. इतकी,
की गाद्या असून बाहेरचं कुत्रं उठलं असेल.
कोणी आलं नाही.
परात्यांच्या घरी ताटं वाढल्याचा आवाज येत होता.

कसं वर काढलं माहीत नाही.
इस्माईलनं मेयोपर्यंत रिक्षा ओढली,
अंगावर राक्षसाचे पाय तसेच.
इकडे रीळ फिरत होतं, संपून, फटफट करत.

पोळ्याच्या आसपास ते बसायला लागले.
अर्ध्या तोंडानं म्हणाले, लाव.
ऐकलं. पुन्हा लाव.
दुपारभर एवढंच.
मग शब्द गोळा करत, "हे घेऊ.
पन शेवटी तू नाव घेतलं माझं.
नुसतं नाव. भाऊ नाही लावलं.
तेवढं कापा लागंल."

कापलं. मीच कापलं, त्यांचा उजवा हात चालत नव्हता,
आणि कात्री माझीच होती.

म्हणून गोरेवाड्याच्या तलावातून ते वर येतं
तेव्हा बाईची किंकाळी मध्येच तुटते.
लोकांना वाटतं कॅसेट खराब.

त्यांनी दहाची नोट डाव्या हातानं दिली.
मी घेतली.

कापलेला तुकडा टेपनं मोजला होता, सवयीनं.
साडेसात इंच. अर्ध्या बाहीएवढा.
हुकांच्या डबीत आहे.
वाजवायचं यंत्र आता कोणाकडे नाही.
काजं करताना हुक शोधायला गेलं
की बोटांना लागतो.